ढोलामागं चालणारी पेटी

अंगद परभणीतल्या माणिकरावांच्या ऑर्केस्ट्रात हार्मोनियम वाजवायचा. लग्नं, गणपती, उरूस, पुढाऱ्यांचे वाढदिवस. बोलावणं येईल तिकडं ही मंडळी पेट्या-तबले गोळा करून निघायची. त्र्याण्णव साली उन्हाळ्याच्या तोंडी त्यांचा कार्यक्रम पूर्णेला ठरला होता. नेमका त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला गेला आणि कार्यक्रम बारगळला. बाकीचे सगळे पॅसेंजर गाडीनं परभणीला परतले. अंगद मागं राहिला, कारण पूर्णेत त्याचा शाळेपासूनचा दोस्त होता.

हा भुजंग रेल्वेत सिग्नल खात्यात कामाला होता. जंक्शनच्या पलीकडं त्याचं क्वार्टर. बायको माहेरी गेलेली, त्यामुळं दोघांनी मिळून पिठलं-भात केला, जेवले, आणि दुपारच्या उन्हात खिडकीला ओलं पोतं लावून आडवे झाले. तेवढ्यात भुजंगला काहीतरी आठवलं. उठून त्यानं ट्रंकेतून एक कॅसेट काढली.

"रेल्वेच्या पासवर गोव्याला गेलो व्हतो न आमी," तो म्हणाला. "तिथं एका गोऱ्याचा टेपरेकॉर्डर बिघडला व्हता. म्या नीट करून दिला. पैसे घेईना म्हणून त्यानं ही दिली. आईक."

टेप सुरू झाला. आधी नुसतं धप्, धप्, धप्, धप्. अंगद गाण्याची वाट बघत राहिला. गाणं काही येईना.

"हे काय वाजवायलास? गाणं कुठंय ह्याच्यात?"

"गाणं न्हाई. गप बस जरासक."

मग त्या धपधपीच्या खालून एक आवाज आला. घोंगडी पांघरून कुणीतरी बोलत असावं तसा, दबलेला, मऊ. सूर चार-सहाच, पुन्हा पुन्हा तेच. पण कुणीतरी ती घोंगडी हळूहळू वर उचलत होतं. आवाज उजळत गेला, त्याला धार आली, तो लखलखायला लागला, आणि अंगदला वाटलं की आता हा पत्रे फोडून वर जाणार. तसा तो गेला नाही. टोकाला जाऊन परत वळला, पुन्हा घोंगडीखाली शिरला. धपधप चालूच.

अंगद कधी उठून बसला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याच्या दोन्ही हातांवर काटा आला होता.

असा काटा त्याच्या अंगावर फक्त एकाच ठिकाणी यायचा. सोनपेठच्या अलीकडं गोदावरीच्या कडेला त्यांची वाडी होती. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. चैत्रात बिरोबाची जत्रा भरायची. अंगदचा बाप ग्यानबा ढोल वाजवायचा, आणि ढोल चढत चढत गेला की अंगदच्या आईच्या, कोंडाबाईच्या, अंगात देव यायचा. ढोलालाही गाणं नव्हतं. तोच ठेका, तेच फिरणं, आणि माणूस नकळत कुठल्या कुठं गेलेला.

"ह्याला म्हणायचं काय?" त्यानं विचारलं.

"ट्रान्स. त्या गोऱ्यानं कॅसेटवर लिवलंय बघ."

"म्हंजे?"

"म्या बी इचारलं. त्यानं डोळे मिटले, हात पसरले आन् मान अशी गरागरा फिरवून दाखवली. तवा कळलं." भुजंग हसला. "आपल्याकडं अंगात येतं न, ते."

अंगद हसला नाही. "आन् वाजवतात कशावर?"

"सिंथेसायझर म्हणला."

हा शब्द अंगदनं सिनेमाच्या कॅसेटवर वाचला होता. एखादी मोठी हार्मोनियम असेल, अशी त्याची समजूत होती. भुजंगकडून कॅसेट मागून घेऊन तो परभणीला आला, आणि तो पावसाळाभर त्यानं ती इतकी वाजवली की तिचा लेबलचा कागद निघून गेला. ऐकता ऐकता त्याला एक गोष्ट उमगली. ह्याच्यात पन्नास वाद्यं नव्हती. वाद्य एकच होतं, आणि कुणीतरी त्याचा आवाज हातानं बदलत होतं, कुंभार चाकावरच्या मातीला आकार देतो तसा. माणिकरावांकडं बॅटरीवरचा लहानसा कीबोर्ड होता. अंगदनं त्यावर तो आवाज काढायची लय खटपट केली. दाबलं की पीं, सोडलं की बंद. त्याच्यापुढं ते काही जायचं नाही.

पोळ्याला तो वाडीवर गेला तेव्हा त्यानं कॅसेट बापाला ऐकवली. ग्यानबा ओट्यावर बसून सूत कातत होता. चाती फिरायची थांबली. थोड्या वेळानं त्याची बोटं गुडघ्यावर चालायला लागली.

"ढोलवाला कोण हाय हा?"

"माणूस न्हाई बा. मशीन हाय."

"खोटं सांगायलास."

"बिरोबाची आण."

ग्यानबा पुन्हा ऐकत राहिला. "थकत न्हाई का ते?"

"न्हाई."

एवढं वय ढोल वाजवण्यात गेलेल्या त्या माणसानं आपल्या मनगटाकडं बघितलं. मग म्हणाला, "घेऊन ये. बघू तरी." कळपातली निम्मी मेंढरं विकायचं त्यानं त्याच दिवशी मनाशी ठरवलं. कोंडाबाईनं चुलीपुढून एवढंच विचारलं, "देवापुढं लावण्याजोगतं हाय का रे? न्हाई तर उगं घरात आणू नको."

"माय, बघितल्याबिगर कसं सांगू?" अंगद म्हणाला.

त्या साली भूकंपानं अख्खा मराठवाडा हादरला होता. दिवाळी अशी कुणी केलीच नाही, आणि कार्यक्रमही बंदच होते. म्हणून माणिकरावांनाही सवड होती. ते स्वतःहून म्हणाले, "चल, मी येतो. हैदराबादला माझ्या वळखीचं दुकान हाय. तू एकटा गेलास तर तुला टोपी घालतील." माणिकराव बोलायला फटकळ, पण मनानं चांगले. त्यांची उर्दू तर अशी, की निजामाच्या काळातली माणसंही मान डोलवायची.

दुकान आबिड्सच्या मागच्या गल्लीत होतं, लाकडी जिना चढून वर. मालक मोईनचाचा म्हणून पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. भिंतीला सतारी टांगलेल्या, खाली हार्मोनियमचे सांगाडे, आणि मधल्या काचेच्या टेबलावर, नव्या नवरीसारखा सजवून ठेवलेला, सिंथेसायझर.

काळाभोर, लांब. मध्ये हिरवा पडदा, त्यावर अक्षरं उमटायची. चाचांनी एक बटन दाबलं, व्हायोलिन वाजलं. दुसरं दाबलं, बासरी. तिसरं दाबलं तर एकाच वेळी पन्नास माणसं 'आ' लावून उभी राहिल्यासारखा आवाज आला. सनई, सतार, घंटा. तबला तर असा, की माणिकरावांनी मागं वळून कोण वाजवतंय ते बघितलं.

"बास!" ते म्हणाले. "अंगद, आता डोळे झाकून घे. एकटा तू म्हंजे अख्खी पार्टी. लग्नाच्या सिझनला उसंत मिळायची न्हाई तुला."

अंगदनं वाजवायला घेतलं. त्याचाही श्वास अडकला, नाही असं नाही. परभणीत कुणी असलं काही बघितलंही नव्हतं. एकेक बटन दाबत तो पुढं गेला. पण बराच वेळ दाबूनही तो ज्याच्यासाठी आला होता ते सापडेना. तिथला प्रत्येक आवाज सुंदर होता, आणि प्रत्येक आवाज पुरा होता. शिजवून, ताटात वाढून, वर तूप सोडून पुढं ठेवलेला. त्यात हात घालायला जागाच नव्हती.

त्यानं मान वर केली. मागच्या फळीवर कापडाखाली एक करड्या रंगाचं टोक दिसत होतं.

"वो क्या है चाचा?"

"उसको नक्को देखो मियाँ," चाचा म्हणाले. "पुराना माल है. एक साहब दुबई से लाए थे, बेच के चले गए. उसमें कुछ भी नहीं है. एक वक्त में एकीच सुर बजता."

"जरा लगा के दिखाते?"

चाचांनी नाइलाजानं ते खाली काढलं, फडक्यानं धूळ पुसली. हार्मोनियमच्या निम्म्याएवढा प्लास्टिकचा डबा. पडदा नाही, नावं लिहिलेली बटनं नाहीत. वर नुसत्या सरकणाऱ्या खुंट्यांच्या रांगा. तार जोडली. एक लाल दिवा उघडझाप करायला लागला.

अंगदनं एक पट्टी दाबली. घर्रर्र असा जाडाभरडा आवाज निघाला.

"अरे, ही तर पिठाची गिरणी!" माणिकराव पोट धरून हसले.

अंगदनं पट्टी सोडली नाही. दुसऱ्या हातानं त्यानं मधली एक खुंटी धरली आणि सावकाश खाली ओढली. गिरणीचा आवाज विहिरीत उतरत गेल्यासारखा खोल गेला, काळा झाला, शेवटी नुसती भिंतीतून येणारी घरघर उरली. मग त्यानं खुंटी वर न्यायला सुरुवात केली. बोटभरही नसेल सरकली, तोच त्या अंधाराला कड फुटली. आणखी वर नेली. आवाजात पिवळं ऊन आलं. आणखी वर. शेजारची खुंटी जराशी उचलली तर त्याच एका सुराच्या पोटातून दुसरे सूर शीळ घालत एकामागून एक बाहेर पडले. टांगलेल्या सतारींच्या तारा आपोआप झणकारल्या.

घोंगडी उचलत होतं कुणीतरी. आणि ह्या खेपेला ते कुणीतरी अंगद स्वतः होता.

माणिकरावांचं हसू थांबलं होतं. मोईनचाचांनी चष्मा काढून हातात घेतला. "ये आवाज इसमें था?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "इत्ते दिन से दुकान में पड़ी है, मैं आज पहली बार सुन रहा हूँ."

अंगदनं खुंटी पुन्हा एकदा वर-खाली करून बघितली. पण खुळ्यासारखा लगेच 'हीच द्या' म्हणाला नाही तो. खाली उतरून इराण्याकडं चहा घेतला. माणिकरावांनी त्याला नीट समजावलं, आणि त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. "आरं, त्या काळ्यावर तुझं जलमभराचं पोट चालंल. ह्या डबड्यावर एक धड आरती वाजायची न्हाई. दोन बोटं एका वेळी ठेवता येत न्हाईत त्याच्यावर. तुझ्या बानं मेंढरं इकली ती काय गिरणी घ्यायला?"

अंगदनं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "मालक, त्या काळ्यात सगळं हाय. पर माझ्यासाठी करायला कायीच ठिवलं न्हाई त्यानं. आन् ह्या डबड्यात कायीच न्हाई. जे हाय ते माझ्या हातात हाय. मला भ्या वाटायलंय, पर मी हीच घेतो."

माणिकरावांनी हात झटकले आणि चहाचे पैसे दिले. चाचांनी मात्र करडी पेटी कागदात बांधण्याआधी सगळं समजावून दिलं. पेटीत आपले सूर भरून ठेवता येतात, मग ती ते आपोआप एकामागून एक म्हणत राहते. वेग कमी-जास्त करायला एक खुंटी आहे. वीज नसली तर मोठे सेल घालून चालते. शेवटी त्यांनी मागचं एक छिद्र दाखवलं. "ये सुराख बाहर का इशारा लेता. इशारा आया कि एक सुर आगे. किसका इशारा, कैसा इशारा, वो खुदा जाने. मेरे पास तो कोई लगाया नहीं."

परतीच्या गाडीत माणिकराव खिडकीकडं तोंड करून बसले होते. निजामाबाद मागं पडल्यावर अंगदनं पेटीत सेल घातले, हेडफोन जोडला आणि न बोलता त्यांच्या कानाला लावला. चार सूर भरलेले होते. अंगद खुंटी सरकवत राहिला. माणिकरावांच्या कपाळावरची आठी आधी तशीच होती. मग ती गेली. त्यांनी डोळे मिटले. समोरच्या बाकावरची बाई त्यांच्याकडं बघायला लागली, कारण सफारी घातलेला तो जाडजूड माणूस पाळण्यातल्या लेकरासारखा डुलत होता. कितीतरी वेळानं त्यांनी हेडफोन काढला.

"जत्रंला वाजवणार न तू हे?" ते म्हणाले. "माझा मोठा स्पीकरचा बॉक्स घेऊन जा. कर्ण्यावर वाजवून नास करू नको."

वाडीवर पेटी आली तशी बघायला सगळी आळी लोटली. लोकांनी आवाज ऐकला, तोंडात बोटं घातली, आणि आपापल्या कामाला गेले. खरी गंमत पुढंच होती. अंगदनं आईच्या जात्यावरच्या ओवीतले आठ सूर पेटीत भरले आणि बापाला ढोल घ्यायला सांगितला.

जमेना.

ढोलाचं असं असतं, की तो सुरुवातीला चालतो, मग लगबगीनं निघतो, मग पळतो. ग्यानबाला कधी पळायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. समोरच्या माणसांच्या पायांकडं बघून त्याचा हात आपोआप ठरवायचा. पेटी मात्र जिथल्या तिथं, घड्याळासारखी. अंगद वेगाची खुंटी ढकलून गाठायला बघायचा, तर कधी पेटी पुढं, कधी ढोल. एका जुवाला दोन चालींचे बैल जुंपल्यागत. दोन-तीनदा करून ग्यानबानं हातातलं ढोलाचं टिपरू खाली ठेवलं.

"हा बाजा आईकत न्हाई," तो म्हणाला. "नुसता बोलतो."

त्यात राग नव्हता, म्हणूनच अंगदला ते जास्त लागलं. संक्रांतीपर्यंत त्यानं पेटीला हात लावला नाही. मेंढरांमागं नदीकाठी फिरताना त्याच्या डोक्यात तेच घोळायचं: आईकत न्हाई, आईकत न्हाई. ऐकायचं तर कान पाहिजे. आणि एके दिवशी चालता चालता तो थांबला. कान होता की! मागचं ते छिद्र.

पेटी पोत्यात गुंडाळून त्यानं सरळ पूर्णा गाठली. भुजंगनं चाचांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"इशारा म्हंजे सिग्नल. आरं, ह्याचाच पगार खातो न मी!"

त्यानं टॉर्चचे दोन सेल घेतले, एक तार घेतली, पितळेची एक पातळ पट्टी कापली. छिद्रात तारेनं नुसता करंट टेकवला की पेटी एक सूर म्हणायची आणि वाट बघत उभी राहायची. पुन्हा टेकवला, पुढचा सूर. टेकवलाच नाही तर मुकाट.  रविवारी भुजंग अंगदबरोबर वाडीवर आला आणि पट्टी त्यानं ढोलाच्या कडेला अशी बसवली, की टिपरू पडलं की कातडं हलावं आणि पट्टी समोरच्या तारेला टेकावी. पहिल्यांदा गडबड झाली. एका टोल्याला पेटी तीन-तीन सूर घाईनं म्हणून मोकळी व्हायची, कारण टोल्यानंतरही कातडं थरथरत राहायचं. भुजंगनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून पट्टीखाली चिकटवला. थरथर मेली.

"आता वाजवा काका. एकच."

ग्यानबानं एक टोला दिला. ढोल घुमला, आणि त्याच्याबरोबर, त्याच्याच पोटातून निघावा तसा, एक सूर उमटला. ग्यानबानं हात मागं घेतला. सूर विरला. अंगणात कुणी हललं नाही.

त्यानं पुन्हा टोला दिला. पुढचा सूर.

मग दोन लागोपाठ. दोन सूर. मग त्यानं मुद्दाम हात वर नेला आणि टिपरू हवेतच धरून ठेवलं. पेटी त्याच्यासाठी थांबली. दरवाजात उभी असलेली कोंडाबाई चौकट धरून खाली बसली. ग्यानबाचं तोंड उघडंच होतं. तो सावकाश चालला, पेटी चालली. तो धावला, पेटी त्याच्या मागं धावली. ओवी होती ती, कोंडाबाईची, जात्यावरची, आणि आता ती ढोल म्हणत होता.

"अंगद," ग्यानबा म्हणाला, "ढोलाला कंठ फुटला रे."

चैत्रात जत्रा भरली. देवळाचे पुजारी बन्सीधर, त्यांनी बॉक्स बघितला आणि वाट अडवली. "देवापुढं मशीन चालणार न्हाई."

"ढोल मीच वाजवणार हाय," ग्यानबा म्हणाला. "पेटी ढोलामागं चालती. ढोल थांबला की ती थांबती."

बन्सीधर कोंडाबाईकडं वळले, कारण ज्याच्या अंगात देव येतो त्याचा शब्द वाडीत शेवटचा असायचा. "तू सांग बाई."

कोंडाबाईनं पदर सावरला. "देवाला यायचं आसंल तर यील. न्हाई आला तर पुढच्या साली पेटी आणू नका. मी काय सांगू दुसरं?"

ऊन उतरणीला लागलं होतं. भंडाऱ्यानं हवा पिवळी झालेली. माणसं गोल करून उभी, झांजवाले तयार, माणिकराव परभणीहून खास आलेले, भुजंग ढोलाजवळ तारा धरून बसलेला. ग्यानबानं देवाला हात जोडले आणि टिपरू उचललं.

पहिल्यांदा नुसता ढोल. मग अंगदनं पेटीचा आवाज अगदी दबका आत सोडला. लोकांना तो ऐकूही आला नाही, पायाखालून जाणवला असेल फक्त. झांजा मिसळल्या. ठेका चढला. सगळ्यांचे डोळे कोंडाबाईवर होते आणि कोंडाबाई शांत बसून होती. काही नाही. आणखी चढला. काही नाही. बन्सीधरांनी मान हलवली.  अंगदची बोटं खुंटीवर होती पण वर जात नव्हती. त्याच्या ध्यानात आलं, की मघापासून आपण आईकडं बघतोय, बन्सीधरांकडं बघतोय, गर्दीकडं बघतोय. ढोल ऐकतच नाही. त्यानं डोळे मिटले. बापाचा हात ऐकला. आणि खुंटी वर सरकवली.

घोंगडी उचलली गेली. आधी अंधाराची कड, मग ऊन, मग आणखी ऊन. कोंडाबाईची ओवी तिच्या लेकाच्या हातून आणि नवऱ्याच्या टिपरूतून माळावर उभी राहिली, आणि ती गावातल्या कुणीच कधी ऐकलेली नव्हती इतकी मोठी होती. आभाळाएवढी म्हणावी तर आभाळही तिच्यात मावलं असतं. कोंडाबाई उठली. केस सुटले. तिच्यामागं आणखी दोघी उठल्या, ज्यांच्या अंगात कधीच आलं नव्हतं. म्हातारी माणसं हात जोडून रडायला लागली. ग्यानबानं मध्येच टिपरू हवेत धरलं, आणि सगळा माळ एका क्षणात गप्प झाला. ढोल नाही, पेटी नाही, झांज नाही. नदीवरून येणारा वारा तेवढा ऐकू आला. हजारभर माणसं श्वास रोखून त्या वर उचललेल्या हाताकडं बघत होती.

हात खाली आला.

पुढचं अंगदला आठवत नाही. वाजवणाऱ्याच्या अंगात येत नाही, असं वाडीत सगळे सांगायचे; त्याला वाजवायचं असतं, म्हणून देव त्याला मोकळा सोडतो. अंगद भानावर आला तेव्हा दिवस मावळला होता, तो जमिनीवर बसलेला होता आणि भुजंग त्याच्या तोंडावर पाणी मारत होता.

"म्या पेटी सोडली का रे?" त्यानं घाबरून विचारलं.

"सोडली? आरं, तू खुंटीवरचा हात काढू दिला न्हाईस. डोळे पांढरे, मान गरागरा, आन् हात आपला चालूच. खुंटी वर-खाली, वर-खाली. म्या तर तुझ्याकडं बघून नमस्कार केला."

अंगदनं आपला हात समोर धरून बघितला. तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा त्याला वाटला, आणि त्याचं त्याला भय नाही वाटलं.

बन्सीधर भंडाऱ्याचं ताट घेऊन आले. रीतीप्रमाणं त्यांनी ढोलाला भंडारा लावला, ग्यानबाच्या कपाळी लावला. मग पेटीपुढं येऊन थबकले. काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी चिमूटभर घेऊन त्यांनी तिच्या कोपऱ्यावर सोडला, खुंट्यांना लागणार नाही असा जपून.

पुढं ती पेटी आसपासच्या पाच-सहा गावांच्या जत्रांत गेली. भुजंगच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या तिच्या कॅसेटा लोकांनी मागून नेल्या आणि परत दिल्या नाहीत. माणिकरावांनी ऑर्केस्ट्रात मध्यंतरानंतर ग्यानबाचा ढोल आणि अंगदची पेटी असा एक प्रकारच सुरू केला. तो चालू असताना सिनेमाची गाणी मागणारेही गप्प बसायचे. लग्नाची आमंत्रणं मात्र अंगदला त्या पेटीवर फारशी मिळाली नाहीत. त्यासाठी तो हार्मोनियमच घेऊन जायचा.

पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. मेंढरं वाड्यातून सुटायच्या बेतात होती. अंगद ओट्यावर पेटी पुसत बसला होता. कोंडाबाई जवळ येऊन उभी राहिली. काल काय झालं ते तिला दर सालाप्रमाणं काहीच आठवत नव्हतं.

"लोक सांगायलेत माझी ओवी वाजली म्हणून," ती म्हणाली. "ह्याच्यात ती बसती कुठं?"

अंगदला ते सांगता येईना. त्यानं पट्टी दाबून धरली, आईचा खरखरीत हात घेतला आणि तिचं बोट खुंटीवर ठेवलं. "तूच बघ."

कोंडाबाईनं खुंटी जराशी वर ढकलली. आवाज उघडला. चटका बसल्यासारखा तिनं हात मागं घेतला आणि लेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"हे मी केलं?"

"तूच."

तिनं पुन्हा बोट ठेवलं. ह्या खेपेला सावकाश, अगदी सावकाश, ती खुंटी वर नेत गेली. वाड्यातल्या मेंढरांनी माना वर केल्या आणि कान टवकारून ती सगळीच्या सगळी ओट्याकडं बघत उभी राहिली.